हेडफोनवर मिक्सिंग: वेव्हजचं ॲबी रोड स्टुडिओ ३
रात्री स्पीकर लावता येत नाहीत म्हणून सगळं मिक्सिंग (गाण्यातले वेगवेगळे आवाज जुळवणं) हेडफोनवरच करतोय, त्यासाठी हे प्लगइन घेतलं, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, जे हेडफोनमध्ये ॲबी रोडच्या स्टुडिओ ३ मधल्या खोलीत स्पीकरवर ऐकल्याचा भास देतं. हेडफोनवर डावा आवाज फक्त डाव्याच कानात जातो, स्पीकरवर मात्र तो जरा उशिराने आणि दबून उजव्या कानातही पोचतो, तोच फरक हे भरून काढतं, वर खोलीचे रिफ्लेक्शन्सही (भिंतींवरून परतणारा आवाज) देतं. निअर, मिड, फार (जवळचे, मधले, लांबचे) असे ३ प्रकारचे आभासी स्पीकर आहेत, मी निअरवर बॅलन्स करतो आणि फारवर व्होकल बुडतोय का ते बघतो. रिव्हर्बचा (आवाजाच्या घुमण्याचा) अंदाज खरंच सुधारला, आधी नेहमी कमी पडायचा. वेबकॅमवरून हेड ट्रॅकिंग चालू केलं की मान वळवली तरी स्पीकर जागचे हलत नाहीत, भारी वाटतं!! बेसचा निर्णय मात्र यावर घेऊ नका, छातीत जाणवणारा धक्का कुठलाच हेडफोन देत नाही, तिथे मी ओळखीचं गाणं रेफरन्सला लावतो. आणि हो, मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तो चॅनेल) सगळ्यात शेवटी लावा आणि एक्सपोर्टच्या आधी बायपास (तात्पुरतं बंद) करा, मी एकदा विसरलो आणि अख्खं गाणं त्या खोलीसकट रेंडर झालं, पुन्हा करावं लागलं.