डुलकी पकडणारा कॅमेरा: कंपनीच्या बसना लावून काय मिळालं

चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी ॲडमिन बघते. ॲडमिन म्हणजे कँटीन, युनिफॉर्म, हाउसकीपिंग आणि या सगळ्यांपेक्षा जास्त डोकं खाणाऱ्या बस. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा मध्यम कारखाना, तीन पाळ्या, बस कंत्राटदाराच्या. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी आम्ही या बसना ड्रायव्हरवर नजर ठेवणारे कॅमेरे बसवून घेतले. तेव्हापासून तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या ॲडमिनवाल्यांचे फोन येतात, "मॅडम, घ्यावा का?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

विकणाऱ्याचं नाव लिहिणार नाही. एक तर पुढे तक्रारी आहेत, आणि दुसरं म्हणजे डेमोला जेवढे आले त्यांचे डबे वरचं स्टिकर सोडलं तर जुळ्या भावांसारखे होते. फरक असतो तो सॉफ्टवेअरमध्ये आणि बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांनी येतो त्यात.

तर डबा असा. काचेवर एक कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून, दुसरा ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे. चेहऱ्यावरच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड दिवे आहेत, त्यामुळे पहाटेच्या अंधारातही डोळे उघडे आहेत की मिटलेत हे त्याला कळतं. गाडी ठराविक वेगाच्या वर असेल आणि डोळे दोनेक सेकंद मिटले तर तो किंचाळतो, आणि तेवढी क्लिप सिमवरून सर्व्हरला पाठवतो. जांभई, कानाला फोन, सिगारेट, बेल्ट न लावणं, नजर रस्त्यावरून हटणं, हेही पकडतो. रेंज नसेल तर क्लिप कार्डात साठवून ठेवतो आणि रेंज आली की सोडतो. भीमाशंकरला सहल गेली होती तेव्हा हे नीट चाललं, त्याचे गुण देते.

आता दोन सेकंद म्हणजे किती? ताशी ६० च्या वेगाने बस दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे गेलेली असते, आणि वाहतुकीच्या गाड्यांना स्पीड गव्हर्नरने जी ८० ची वरची मर्यादा असते त्या वेगाने ४४ मीटर. म्हणजे डबा किंचाळेपर्यंत बस आपल्या आख्ख्या शेडच्या लांबीइतकी आंधळी धावून गेली. विकणारा डेमोत हे सांगत नाही. तो डोळे मिटून दाखवतो, डबा वाजतो, आणि आपले साहेब लोक टाळ्या वाजवतात.

पहिला महिना नुसता गोंधळ. पुणे-नाशिक रोडवर सकाळी ऊन डाव्या-उजव्या काचेतून तिरपं आलं की डोळे बारीक होतात, डबा म्हणतो झोपला. काही गॉगलमधून इन्फ्रारेड आरपार जात नाही, डबा म्हणतो डोळे दिसत नाहीत. तोंडात तोबरा असलेल्या माणसाचा जबडा ज्या पद्धतीने हलतो त्याला तो जांभई समजतो. तंबाखू मळताना खाली पाहिलं की नजर हटल्याचा अलार्म. तो मात्र मी खोटा धरला नाही, स्टेअरिंगवर तळहात टेकवून चुना लावणारा माणूस मला कॅमेऱ्याशिवायही नकोच आहे.

रस्त्याकडचा कॅमेरा आपल्या भागात जवळजवळ निरुपयोगी. लेन सोडल्याचा इशारा द्यायला आधी पट्टे लागतात. चाकण-शिक्रापूर रस्त्यावर खड्डा चुकवावा की समोरचा कंटेनर, एवढाच प्रश्न असतो. आणि तळेगाव चौकात संध्याकाळी पुढच्या गाडीपासून अंतर राखा म्हणून तो जे कोकलत सुटतो, त्याने ड्रायव्हर उलट पिसाळतो. आम्ही लेनचा इशारा बंद केला आणि टकरीचा इशारा ताशी ४० च्या वरच ठेवला. हे बदल करून घ्यायला विक्रेत्याच्या मागे फार लागावं लागलं. त्यांचा पोरगा फोनवर "सर्व्हरसाइडला टाकलंय मॅडम" म्हणायचा आणि आठवडा जायचा.

आवाजाचं वेगळंच. सुरुवातीला हिंदी बाई बोलायची. आम्ही मराठी मागितली तर "थकवा आढळला, कृपया विश्रांती घ्या" असं आलं. मंचर रूटवरचे आमचे जुने ड्रायव्हर काका म्हणाले, "डब्याला आढळला, शेठला कधी आढळणार?" मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण खरा मुद्दा त्यांनीच काढला होता, त्याकडे येतेच.

त्याआधी फोन. अलार्ममध्ये फोनचे अलार्म सर्वांत जास्त, म्हणून साहेबांचा पहिला विचार दंडाचा. मी क्लिपा बघत बसले. बहुतेक फोन पहाटेचे आणि काही सेकंदांचे. स्टॉपवर उभी असलेली आमचीच पोरं: "काका, कुठवर आलात?" पहाटे पाच वाजता नारायणगावच्या थंडीत उभं राहिलेला माणूस फोन करणारच, आणि काकाही उचलणारच, कारण नाही उचलला तर वर तक्रार जाते. याला दंड काय उपयोगाचा? त्याच सिस्टिममध्ये बसचं लाइव्ह लोकेशन लिंकने पाठवायची सोय होती. ती प्रत्येक रूटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, आणि गाडी चालू असताना ड्रायव्हरला फोन करायचा नाही, डेस्कला करायचा, असं गेटवर लावलं. फोनचे अलार्म झपाट्याने उतरले. बसमध्ये एआयएस-१४० चा ट्रॅकर (प्रवासी गाड्यांना सरकारने सक्तीचं केलेलं, लोकेशन कळवणारं यंत्र) असतो तिथेही ही सोय बहुतेक वेळा मिळू शकते, त्यासाठी कॅमेराच हवा असं नाही. आधी कंत्राटदाराला विचारा.

आता काकांचा मुद्दा. या सेवेत दर सोमवारी एक अहवाल येतो. त्यात रंगीत चकत्या, ड्रायव्हरचे गुण, पहिला-दुसरा नंबर. ते सगळं कचऱ्यात टाका. मात्र खाली एक साधा तक्ता असतो, कोणत्या बसला किती वाजता कोणता अलार्म आला याचा. तो मी तासांप्रमाणे लावून पाहिला. डोळे मिटण्याचे अलार्म दोन जागी गोळा झालेले: पहाटे चार ते सहा, पहिल्या पाळीला आणताना, आणि सकाळी आठच्या पुढे, तिसऱ्या पाळीला घरी सोडताना. यात आश्चर्य काही नाही, पहाटे शरीराला झोप हवीच असते आणि सकाळपर्यंत माणूस दमलेला असतो. आश्चर्य पुढे होतं. त्याच तक्त्यात आमच्या बसना दुपारीही अलार्म होते, आणि दुपारी त्या बस आमच्याकडे नसतातच.

म्हणजे काय, तर आमच्या दोन ट्रिपांच्या मधल्या वेळात तीच बस, तोच ड्रायव्हर, महाळुंग्याच्या दुसऱ्या कारखान्याला जात होता. लग्नसराईत त्यावर वऱ्हाड. आमच्या कागदावर त्याची ड्यूटी दिसायची चार-पाच तासांची, दुसऱ्या कारखान्याच्या कागदावर तेवढीच, आणि कंत्राटदाराच्या वहीत त्याला "दोन ट्रिपा" म्हणत. माणूस मात्र पहाटे तीनला उठून रात्री नऊपर्यंत सीटवर किंवा सीटच्या आसपास. मधे विश्रांती म्हणाल तर बसच्या मागच्या सीटवर, उन्हात, दार उघडं टाकून.

१९६१ च्या मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्टमध्ये हे सगळं लिहिलेलं होतं: दिवसाला आठ तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि विश्रांती धरून सगळा पसारा बारा तासांत संपला पाहिजे. कायदा करणाऱ्यांना साठ वर्षांपूर्वी कळलं होतं की ड्रायव्हर दमतो तो दोन ट्रिपांच्या मधल्या रिकाम्या वेळानेही. पण दोन-तीन ठिकाणी वाटलेला ड्रायव्हर हा प्रत्येक ठिकाणी कागदावर कायद्यात बसतो, आणि एकाही ठिकाणी झोपत नाही.

साहेबांपुढे हे मांडताना मी कायदा कमी आणि दारू जास्त बोलले, कारण दारूचं सगळ्यांना पटतं. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका सुस्त होतो, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला मुभा आहे ती १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची, म्हणजे ०.०३ टक्के. आमच्या गेटवर सिक्युरिटी रोज ड्रायव्हरच्या तोंडाशी मशीन धरते, आणि शून्य आलं की बस आत सोडते. तीन वाजता उठलेल्या माणसाचंही शून्यच येतं.

शेवटी महाळुंग्याच्या त्या कारखान्यातल्या माझ्यासारख्याच एका मॅडमना मी फोन केला, दोघींनी कंत्राटदाराला एकत्र बसवलं. तो आधी म्हणाला ड्रायव्हर मिळत नाहीत. तेही खरंच आहे, हेवी लायसन्सवाली पोरं आता कंपनीत हेल्पर होतात, पण या पगारात पहाटे तीनला उठत नाहीत. भाव थोडा वाढवून दिला, दोन्ही कारखान्यांनी वाटून घेतला. पहाटेची आणि रात्रीची ट्रिप एकाच माणसाला नाही, हे करारात लिहिलं. आमच्या कँटीनच्या वरची खोली ड्रायव्हरांना दिली: पंखा, चार खाटा, मच्छरदाण्या. या खोलीचा खर्च एका डब्यापेक्षा फार नाही. पहाटेचे अलार्म उतरले ते यानंतर. डबा तर आधीही तेवढ्याच जोरात किंचाळत होता.

अपघात कमी झाले का, असं विचारतात. एवढ्या थोड्या बस आणि एवढा थोडा काळ, त्यावरून काही सांगता येत नाही, आणि जो विक्रेता असा टक्का सांगतो त्याला चहा पाजून वाटेला लावा.

गुणांच्या नंबराबद्दल दोन शब्द बोलायचेच आहेत. विक्रेत्याने बक्षीस योजना सुचवली होती, महिन्याचा उत्तम ड्रायव्हर वगैरे. गुण कापले जातात ते जोरात ब्रेक मारला की, आणि हा डबा ब्रेक आणि स्पीडब्रेकर यांत नेहमी फरक करू शकत नाही. खराबवाडीच्या रस्त्यावरचा माणूस कायम शेवटचा, राजगुरुनगर बायपासवरून सरळ येणारा कायम पहिला. तिसऱ्या पाळीवाल्याला तर जन्मात बक्षीस नाही. आम्ही यादी लावणं बंद केलं. क्लिप बघून बोलायचं असेल तर खोलीत, एकट्याशी. आवाजाचं रेकॉर्डिंगही बंद ठेवलं. ड्रायव्हर घरी बायकोशी काय बोलतो हे मला ऐकायचं नाही. हे आधी सांगितलं असतं तर कॅमेऱ्यावर झेंडूची माळ लटकवायचे प्रकार विक्रेत्याला पाहावे लागले नसते. (माळ लटकवली की "कॅमेरा झाकला" असा अलार्म येतो, तो भाग चोख आहे.)

डब्याला जे दिसत नाही ते त्याच्या नावावर खपवू नका. मार्च २०२५ मध्ये हिंजवडीत कर्मचाऱ्यांच्या टेम्पो ट्रॅव्हलरला आग लागून चौघे गेले. ती आग ड्रायव्हरनेच लावल्याचं पोलिसांनी पुढे सांगितलं, पण मागचं दार वेळेत उघडलं नाही ही गोष्ट उरतेच. तेव्हापासून मी प्रत्येक बसचं आपत्कालीन दार दर महिन्याला स्वतः आतून उघडून बघते. एका बसला त्या दारासमोर स्टेपनी ठेवलेली सापडली.

आणि मोटारसायकली. आमचे निम्म्याहून जास्त लोक दुचाकीवर येतात, देशात रस्त्यावर मरणाऱ्यांत सर्वांत मोठा हिस्सा दुचाकीवाल्यांचाच आहे, आणि हा सगळा खर्च बसवर. ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) कायद्यात २०१० च्या दुरुस्तीपासून कामावर जाता-येताना झालेला अपघात हा कामावरचा अपघात धरला जाऊ लागला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यालाही तोच अर्थ लावला. ते प्रकरण आपल्याच धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातलं: २००३ मध्ये साखर कारखान्यावर पहाटे तीनच्या ड्यूटीला दुचाकीवर निघालेला वॉचमन वाटेत गेला, आणि निकाल लागायला बावीस वर्षं लागली. तेव्हा "गेटच्या बाहेरचं आमचं नाही" हे म्हणणं आता चालायचं नाही. आम्ही कॅमेऱ्यांच्या दुसऱ्या टप्प्याचे पैसे थांबवले आणि त्यातून आळंदी फाट्याकडून एक जादा बस सुरू केली. ओव्हरटाइम करून रात्री साडेअकराला सुटणाऱ्याला आता दुचाकी गेटवर ठेवून बसने जाता येतं.

पैशांचं. आम्हाला बसमागे पंधरा-वीस हजारांच्या मधला भाव पडला, वर सिम आणि सर्व्हरचं महिन्याचं भाडं वेगळं. घ्यायचाच असेल तर आधी दोन बसना लावून पाहा, एक पहाटेची आणि एक रात्रीची. कच्चा तक्ता एक्सेलमध्ये मिळणार का, हे लेखी घ्या. आम्हाला सुरुवातीला नुसत्या चकत्यांची पीडीएफ मिळायची. क्लिपा किती दिवस ठेवतात आणि कोण कोण बघतं हेही लिहून घ्या. भाडं वर्षाचं एकदम भरू नका. पैसे हातात पडले की दुरुस्तीचा माणूस यायला वेळ लावतो, तिमाही ठेवलं की फोन लगेच उचलतो. पाचपैकी मी डब्याला तीन देईन, सर्व्हिसला दीड, आणि तो तक्ता बघायला ज्यांच्याकडे माणूस नाही त्यांनी घेऊच नये.