पहिलीच गाडी, तीही जुनी एसयूव्ही: डिझेल ब्रेझा की पेट्रोल नेक्सॉन?

भाच्याला पहिली गाडी घ्यायचीय. राहायला साताऱ्यात, बजेट साडेसहा लाख आणि "मामा, उंच गाडीच पाहिजे" हा हट्ट. गावाकडचा रस्ता बघता हट्ट अगदीच अनाठायी नाही. दोन महिने गाड्या बघून यादी दोनवर आली: २०१८-१९ ची डिझेल विटारा ब्रेझा आणि त्याच वयाची पेट्रोल नेक्सॉन. दोन्ही चार मीटरच्या आत. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, ब्रेझाचा १९८ मिलिमीटर, नेक्सॉनचा २०९. म्हणजे खड्ड्यांपुरता दोघींत फरक नाही. मला स्वतःला चालवायला इकोस्पोर्ट जास्त आवडते, पण फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नवशिक्याने पार्टसाठी फोनाफोनी करत बसू नये.

आधी पैशांचं बघू. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० रुपये धरा. कंपनीचा ब्रेझाचा आकडा लिटरला २४.३ किलोमीटर, तो टेस्टचा, आपल्या रस्त्यांचा नव्हे. गावात ब्रेझा १६ देईल, नेक्सॉन १२. भाच्याचं एमआयडीसीत जाणं-येणं रोज २० किलोमीटर, म्हणजे वर्षाला ६,००० च्या घरात. डिझेलचा खर्च साधारण ३४ हजार, पेट्रोलचा ५२. वर्षाला १८ हजार वाचतात, पण आम्ही बघितलेल्या ब्रेझा सारख्याच वयाच्या नेक्सॉनपेक्षा ७०-८० हजारांनी महाग होत्या. ते वसूल व्हायला चार वर्षं, आणि डिझेलची सर्व्हिसिंग थोडी जड, ते वेगळंच. वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरणाऱ्याचं गणित मात्र उलटं: त्याचा जादाचा पैसा पावणेदोन वर्षांत निघतो. त्याने पुढचं न वाचता ब्रेझा शोधावी.

ब्रेझाचं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं, स्विफ्ट-डिझायरच्या डिझेलमध्येही तेच. त्यामुळे तालुक्याच्या गॅरेजवाल्यालाही ते पाठ असतं. बीएस-४ (२०२० आधीचा प्रदूषण नियम) असल्याने डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, भानगड नाही. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्या नुसत्या गावातल्या गावात फिरवल्या की तो फिल्टर काजळीने तुंबतो. नेक्सॉनचीच पण २०२० नंतरची डिझेल घेऊ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पण ब्रेझाची एक खोड आहे. केळघर घाटात भाच्याला चालवायला दिली. वळणावर दुसरा गिअर, इंजिन दीड हजार आरपीएमवर, आणि गाडी ढिम्म. त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, काही नाही. आणखी दाबला, आणि दोन हजारांच्या पुढे टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) जागा झाल्यावर गाडी अशी उसळली की मागे बसलेल्या माझ्या बहिणीने पुढची सीटच धरली. सरावलेला माणूस आधीच पहिला टाकतो. ज्याचा डावा पाय अजून क्लच शिकतोय, त्याचं गाडी बंद पडण्यावरच भागलं तरी नशीब. नेक्सॉनचं १.२ टर्बो पेट्रोलही खालून फार तरतरीत नाही आणि तीन सिलिंडरची थरथर सिग्नलला सीटखाली जाणवते, पण ते असा धक्का देत नाही.

सुरक्षेत नेक्सॉन पुढे. गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने ऑगस्ट २०१८ मध्ये तिला चार तारे दिले, सुधारलेल्या गाडीला त्याच डिसेंबरात पाच. म्हणून जाहिरातीत 'फाइव्ह स्टार' लिहिलेलं असलं तरी आरसीवर उत्पादनाचा महिना बघा. ब्रेझाला चार तारे आहेत, तेही वाईट नाहीत. मात्र २०१८ च्या मध्याआधीच्या खालच्या व्हेरिअंटमध्ये दुसरी एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेलच असं नाही.

मी भाच्याला डिसेंबर २०१८ नंतरची नेक्सॉन घे म्हटलं. शोरूममध्ये आतलं फिटिंग बघून त्याचं मन ब्रेझाकडे ओढत होतं, हेही खरं.

गाडी कुठलीही असो, काही गोष्टी स्वतः बघाव्यात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; टोकाला मातकट रेघ दिसली तर गाडी पुरात उभी राहिलेली असू शकते, आणि २०१९ व २०२१ चे पूर आपल्याकडे कोण विसरलंय? सगळ्या काचांवरचं साल जुळवा; एखादं वेगळं निघालं तर ती काच बदललेली असू शकते. टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर ३० हजार दाखवतंय आणि टायरचा दुसरा सेट लागलाय, तर मीटर मागे घेतलेलं असण्याची शंका घ्या.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की इन्शुरन्सही १४ दिवसांत नावावर करून घ्या. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी एजंट "होतंय की" म्हणत राहिला आणि क्लेम करायची वेळ आली तेव्हा पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर होती. बंपर मी खिशातून भरला.

आणि दुसरी चावी मागा. एक पांढरी नेक्सॉन आम्हाला जवळपास पसंत पडली होती. चावी "गावाला राहिलीय" म्हणाला. दोन आठवड्यांनीही ती गावालाच होती, तेव्हा आम्ही गाडीही तिथेच सोडली.