डब्ल्यूटीओची तंटा निवारण सेवा : छोट्या देशाला परवडते का, आणि पुरते का?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण जिनिव्हातल्या पायऱ्यांना अर्धीच लागू पडते. तिथे पायरी चढायला फारसा खर्च नाही. उतरताना हातात काय असेल, याचा मात्र भरवसा नाही. जागतिक व्यापार संघटनेची (डब्ल्यूटीओची) ही तंटा निवारण व्यवस्था 1 जानेवारी 1995 पासून चालू आहे. संघटनेचे आज 166 सदस्य आहेत आणि त्यातल्या कुणालाही कुणाविरुद्ध तक्रार नेता येते. अमेरिका, चीन किंवा युरोपीय संघाचं या सेवेवाचून अडत नाही. त्यांची बाजारपेठच एवढी मोठी की शुल्क वाढवण्याची नुसती धमकी पुरते. कॅरिबियन समुद्रातल्या लाखभर वस्तीच्या बेटाकडे धमकी द्यायला काही नसतं. त्यामुळे ही सेवा कशी आहे, हे छोट्या ग्राहकाच्या नजरेनेच तपासायला हवं.

आधी पैशांचं. तक्रार दाखल करायला फी नाही. तक्रार ऐकून निकाल देणाऱ्या पॅनेलवरच्या तिघांचा आणि सचिवालयाचा खर्च संघटनेच्या अंदाजपत्रकातून जातो. ते अंदाजपत्रक सदस्य जागतिक व्यापारातल्या आपापल्या वाट्याप्रमाणे भरतात. ज्यांचा वाटा नगण्य, त्यांची किमान वर्गणी 0.015 टक्के. खरा खर्च वकिलांचा आणि पुराव्यांचा. शेकडो पानांची निवेदनं, आयात-निर्यातीची आकडेवारी, अर्थतज्ज्ञांचे अहवाल हे सगळं वॉशिंग्टन किंवा ब्रसेल्समधल्या खासगी फर्मकडून करून घेतलं, तर बिल सहज लाखो डॉलरांत जातं.

यावरचा तोडगा जिनिव्हातच आहे आणि तो या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत चांगला भाग म्हणावा लागेल. ‘ॲडव्हायझरी सेंटर ऑन डब्ल्यूटीओ लॉ’ ही 2001 मध्ये सुरू झालेली, डब्ल्यूटीओपासून स्वतंत्र संस्था विकसनशील देशांची वकिली करते. तिचं दरपत्रक उघड आहे. सदस्य देशांचे व्यापारातला वाटा आणि दरडोई उत्पन्न पाहून अ, ब, क असे गट पाडले आहेत. तासाचे दर अनुक्रमे 324, 243 आणि 162 स्विस फ्रँक. अतिअविकसित देशांना 40 फ्रँक, आणि त्यांना सदस्य होण्याचीही गरज नाही. वाटाघाटी, पॅनेल आणि अपील मिळून एका प्रकरणाला 854 तासांची मर्यादा धरली आहे. म्हणजे क गटातल्या देशाचा हिशेब 1,38,348 फ्रँकवर थांबतो, अतिअविकसित देशाचा 34,160 वर.

दरांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कायदेशीर मत. समोरच्या देशाने लावलेलं शुल्क नियमात बसतं का, किंवा आपण करू पाहतोय तो कायदा उद्या अंगाशी येईल का, हे लेखी विचारता येतं. उत्तर गोपनीय राहतं आणि पैसे पडत नाहीत. सरकारी वकिलांना काही महिने बोलावून तयार करण्याचा उपक्रमही आहे. ज्या देशाच्या व्यापार खात्यात कायद्याची माणसं बोटांवर मोजण्याइतकी असतात, त्याला याची किंमत कळते.

उणिवा दोन. दोन्ही पक्षकार केंद्राचेच ग्राहक असतील, तर जो आधी येईल त्याचं काम केंद्र घेतं. दुसऱ्याला यादीतला बाहेरचा वकील मिळतो. भारतही या केंद्राचा सदस्य आहे, त्यामुळे शेजाऱ्यांच्या भांडणात ही शक्यता खरीच असते. दुसरी उणीव जास्त बोचणारी : केंद्र कायदा लढतं, माहिती गोळा करत नाही. किती माल गेला, कोणत्या दराने, कोणत्या तारखेपासून अडला, हे कारखानदाराच्या बिलांतून आणि कस्टमच्या नोंदींतून देशालाच काढावं लागतं. तांत्रिक अहवालांसाठी केंद्राचा वेगळा निधी आहे, पण कच्ची बिलं तोही जमवून देत नाही. प्रकरणं बहुधा इथेच अडतात.

आता प्रक्रिया. पहिली पायरी वाटाघाटींची. मागणीचं पत्र गेल्यावर 10 दिवसांत उत्तर आणि 30 दिवसांत बैठक अपेक्षित असते. 60 दिवसांत तोडगा निघाला नाही की पॅनेल मागता येतं. नाशवंत मालासाठी ही मुदत 20 दिवसांवर येते. पॅनेलच्या मागणीला प्रतिवादी पहिल्या बैठकीत नकार देऊ शकतो. दुसऱ्या बैठकीत पॅनेल आपोआप बसतं, कारण ते थांबवायचं तर तक्रारदारासकट सगळ्यांनी ‘नको’ म्हणावं लागतं. 1995 च्या आधी, डब्ल्यूटीओच्या पूर्वीच्या गॅट या व्यापार कराराच्या काळात, हरणारा देश एकटा सगळं अडवू शकत असे. छोट्या देशांच्या दृष्टीने सगळ्यात मोठी सुधारणा हीच.

पॅनेल मागणारं पत्र बहुतेकदा दोन-तीन पानांचंच असतं, पण सगळ्यात जास्त काळजी त्याची घ्यावी. कोणता कायदा, कोणतं परिपत्रक, कोणत्या कलमाचा भंग, हे त्यात नेमकं लिहिलेलं नसेल तर तो मुद्दा पुढे कायमचा बाद होतो. निवेदनात मागाहून घालता येत नाही. मग पॅनेलवरची तीन माणसं ठरवायची. 20 दिवसांत एकमत झालं नाही तर महासंचालक नेमतात. विकसित देशाविरुद्धच्या प्रकरणात विकसनशील देशाने मागितलं तर तिघांतला एक जण विकसनशील देशातला असतो. हे मागायला विसरू नये. निकालाची मुदत कागदावर सहा महिने, फार तर नऊ. प्रत्यक्षात ती क्वचितच पाळली जाते.

छोट्या देशांना सेवेची सर्वांत चोख फळं पहिल्या पायरीवरच मिळालेली दिसतात, आणि त्यातलं एक उदाहरण भारताविरुद्धचं आहे. बांगलादेशातून येणाऱ्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर भारताने जानेवारी 2002 मध्ये डम्पिंगविरोधी शुल्क (परदेशात पडत्या भावाने विकलेल्या मालावरचं जादा शुल्क) लावलं. बांगलादेशचा युक्तिवाद साधा होता : एकूण आयातीत एका देशाचा वाटा 3 टक्क्यांहून कमी असेल तर तो नगण्य धरून चौकशी बंद करावी, असं डम्पिंगविरोधी करारच सांगतो. जानेवारी 2004 मध्ये त्याने केंद्राच्या मदतीने वाटाघाटी मागितल्या. अतिअविकसित देशाने आणलेली ही पहिलीच तक्रार. पॅनेलपर्यंत जावंच लागलं नाही. जानेवारी 2005 मध्ये भारताने शुल्क उठवलं आणि 2006 मध्ये प्रकरण मिटल्याची नोंद झाली. ढाक्याहून दिल्लीला पाठवलेल्या निवेदनांनी जे झालं नसतं ते जिनिव्हातल्या एका पत्राने झालं, कारण आता सगळ्या सदस्यांसमोर शुल्काचा हिशेब द्यावा लागणार होता.

कोस्टा रिकाला अपिलापर्यंत जावं लागलं. अमेरिकेने त्याच्या अंतर्वस्त्रांच्या आयातीवर मर्यादा घातली होती. 1997 च्या फेब्रुवारीत अपिलीय मंडळाने कोस्टा रिकाच्या बाजूने निकाल दिला आणि मार्चअखेर ती मर्यादा संपली. पेरूने सार्डिनच्या डब्यांवरून युरोपीय संघाला 2002 मध्ये हरवलं. पॅसिफिकमधल्या जातीला युरोपात सार्डिन हे नाव लावायला बंदी होती. खाद्यपदार्थांसाठीचा कोडेक्स हा आंतरराष्ट्रीय दर्जा मात्र देशाचं किंवा जातीचं नाव जोडून ते लावू देत होता. या तिन्ही प्रकरणांत मागणी अरुंद होती, नियम स्पष्ट होता आणि माघार घेतल्याने मोठ्या देशाचं फारसं बिघडत नव्हतं. सेवा चालते ती अशा ठिकाणी.

जिथे बिघडतं, तिथे अँटिग्वा आणि बार्बुडाचं प्रकरण वाचावं. पर्यटनाला जोड म्हणून या देशाने ऑनलाइन जुगाराचा परवानाधारक धंदा उभा केला होता. अमेरिकेने 1961 च्या वायर ॲक्टसारख्या कायद्यांच्या आधारे तो अडवला. मार्च 2003 मध्ये तक्रार, नोव्हेंबर 2004 मध्ये पॅनेलचा निकाल, एप्रिल 2005 मध्ये अपिलाचा. सार्वजनिक नीतिमत्तेसाठी बंदी घालता येते, हे अमेरिकेचं म्हणणं अपिलीय मंडळाने मान्य केलं. पण घोड्यांच्या शर्यतींवर दूरवरून पैसे लावण्याची मुभा घरच्या कंपन्यांना असेल, तर बंदी सर्वांना सारखी आहे असं म्हणता येत नाही. म्हणजे निकाल अँटिग्वाच्या बाजूने, पण चिंचोळा. अमेरिकेने कायदा बदलला नाही, आणि निकाल पाळला का हे तपासणाऱ्या मार्च 2007 च्या पालन-पॅनेलनेही तेच नोंदवलं.

यानंतर सूड-सवलतीची पाळी. नियम असा की हरलेला देश ऐकत नसेल तर जिंकणाऱ्याने त्याच्या मालावर तेवढ्याच रकमेचं शुल्क लावावं. अँटिग्वाने अमेरिकी धान्यावर आणि यंत्रांवर शुल्क लावलं असतं तर महागाई अँटिग्वातच झाली असती. अमेरिकेला पत्ताही लागला नसता. म्हणून त्याने दुसरा रस्ता मागितला : अमेरिकी कॉपीराइट आणि ट्रेडमार्कचं संरक्षण थांबवण्याचा. मागणी वर्षाला 3.44 अब्ज डॉलरांची होती, अमेरिकेच्या मते नुकसान 5 लाखांचं. डिसेंबर 2007 मध्ये लवादाने वर्षाला 2 कोटी 10 लाख डॉलर ठरवले आणि बौद्धिक संपदेचा मार्ग मोकळा केला. जानेवारी 2013 मध्ये अधिकृत परवानगीही मिळाली. ती आजवर वापरलेली नाही. कारणं समजण्यासारखी आहेत : पैसे घेण्याची यंत्रणा बहुतेक अमेरिकी, पर्यटक बरेचसे अमेरिकी, आणि अशी वेबसाइट चालवायला धजणारा गुंतवणूकदार मिळणं कठीण. इक्वाडोरनेही केळ्यांच्या वादात 2000 मध्ये युरोपीय संघाविरुद्ध वर्षाला 20 कोटी 16 लाख डॉलरांची अशीच परवानगी मिळवली आणि वापरली नाही. पण त्याला निदान 2009 च्या करारात केळ्यांवरचं शुल्क टनामागे 176 वरून टप्प्याटप्प्याने 114 युरोंवर आणण्याचं वचन पदरात पडलं.

अँटिग्वाच्या प्रकरणातला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. हरल्यावर अमेरिकेने जुगाराची बाजारपेठ परदेशी कंपन्यांना खुली ठेवण्याची आपली बांधिलकीच मागे घेत असल्याचं जाहीर केलं आणि त्या बदल्यात युरोपीय संघाला गोदाम, टपाल-कुरियर अशा सेवांत सवलती दिल्या. खटला लढला अँटिग्वा आणि भरपाई घेऊन गेले मोठे. शिवाय मागच्या नुकसानाची भरपाई या व्यवस्थेत मुळातच नाही. कायदा बदलण्यासाठी ‘वाजवी मुदत’ म्हणून साधारण 15 महिने मिळतात, तेही विनामूल्य. हुकूमनामा हातात पडतो, पण दरखास्त घेऊन दारात उभा राहणारा बेलीफ या कोर्टाकडे नाही.

आणि आता तर हुकूमनामाही पक्का होत नाही. अपिलीय मंडळात सात सदस्य असायचे, एका अपिलाला तीन लागतात. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवल्याने 11 डिसेंबर 2019 पासून मंडळाला अपील ऐकता येत नाही. शेवटच्या सदस्याची मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली. अपील करण्याचा हक्क मात्र शाबूत आहे. त्यामुळे हरणारा अपील करतो, ते ऐकायला कुणी नसतं आणि निकाल तसाच लटकतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याचं उदाहरण दूर शोधायला नको, ते उसाच्या फडातच आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या ऊस आणि साखर धोरणाविरुद्ध तक्रार केली. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, कारखाने देतात, सरकार एक पैसाही देत नाही, असा भारताचा बचाव होता. डिसेंबर 2021 मध्ये पॅनेलने तो फेटाळला : दर सरकार ठरवत असेल तर पैसे कोण मोजतं याने फरक पडत नाही. 2014-15 ते 2018-19 या पाच हंगामांत उसाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे होता, असाही निष्कर्ष निघाला. भारताने अपील केलं. ऊस उत्पादकाला हा दिलासाच, आणि एफआरपी हिशेबात धरण्याच्या पद्धतीवर वाद घालायला जागाही आहे. पण परीक्षण सेवेचं आहे, म्हणून नोंदवायला हवं : या प्रकरणात छोटा देश ग्वाटेमाला आहे, आणि बंद पडलेल्या अपिलाच्या खिडकीचा फायदा घेणारे आपण आहोत.

म्हणून आज तक्रार नेणाऱ्या देशाने पहिल्यांदा पाहावं ते प्रतिवादी पर्यायी अपील व्यवस्थेत आहे का. 2020 मध्ये युरोपीय संघ, चीन, ब्राझील वगैरेंनी लवादाद्वारे अपील ऐकण्याचा बहुपक्षीय करार केला. पुढे जपान, ब्रिटन, मलेशियाही त्यात आले. अमेरिका आणि भारत त्यात नाहीत. प्रतिवादी करारात नसेल, तर पॅनेल बसण्याच्या सुमारासच ‘अपील करणार नाही’ असा लेखी समझोता मागावा. इंडोनेशिया आणि व्हिएतनाम यांनी तसा केला होता. निकाल लागल्यावर हरलेला पक्ष अशा कागदावर सही करत नाही.

पाचपैकी गुण द्यायचेच तर कायदेशीर सल्ल्याला साडेचार, वाटाघाटींच्या पायरीला चार, पॅनेलला तीन, अंमलबजावणीला एक. खटला परवडत नसेल किंवा जिंकूनही उपयोग दिसत नसेल, तरी एक स्वस्त पर्याय उरतो : दुसऱ्याच्या प्रकरणात त्रयस्थ पक्ष म्हणून शिरणं. पॅनेल बसल्यापासून 10 दिवसांत तसं कळवायचं, आपल्या व्यापाराचा संबंध दाखवायचा, की पहिली निवेदनं वाचायला मिळतात आणि आपलं म्हणणं मांडता येतं. अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याच्या वाटेवर असलेल्यांनी मात्र केंद्राचं दरपत्रक आताच वाचून ठेवावं. यादीबाहेर पडल्यावर 40 फ्रँकच्या जागी 162 चा दर लागू झाला, तर 854 तासांचा हिशेब चौपट होतो.