पगारांचं वितरण: लॉगनॉर्मल धरायचं की कर्नल लावायचा?

नोकरीच्या शोधाचं सर्च मॉडेल ठरलं, पीएलएफएसचा (केंद्र सरकारच्या रोजगार सर्वेक्षणाचा) डेटा उतरवून झाला आणि गाडी पगारांच्या वितरणापाशी अडली, की समोर साधारण दोन वाटा असतात. एक फ्लिन आणि हेकमन यांची, 1982 ची: ऑफरचे पगार लॉगनॉर्मलसारख्या (ज्यात पगाराचा लॉग घंटेच्या आकारात पसरतो) ओळखीच्या वितरणातून येतात असं धरायचं आणि लाइकलिहुड, म्हणजे दिसलेला डेटा मिळण्याची संभाव्यता, लिहायचं. दुसरी बोंताँ, रोबँ आणि व्हॅन डेन बर्ग यांची, 2000 ची: आकार आधी ठरवायचाच नाही, डेन्सिटी, म्हणजे कुठल्या पगारापाशी किती दाटी आहे ते, कर्नलने (डेटाच गुळगुळीत करून) काढायची आणि बाकीचं बर्डेट-मॉर्टेन्सनच्या, म्हणजे कंपन्या माणसांसाठी पगारावर स्पर्धा करतात त्या मॉडेलच्या, समीकरणांतून सोडवायचं. मुंबईच्या पगारांवर मी दोन्ही चालवून पाहिल्या आहेत.

कागदावर दुसरी जास्त देखणी आहे, यात वाद नाही. नोकरीत असताना ऑफर येण्याचा वेग भागिले नोकरी सुटण्याचा वेग, हा कप्पा (κ) एकदा हाती आला की दिसणाऱ्या पगारांवरून ऑफरचं वितरण थेट निघतं. तिथे कर्नलचीही गरज नाही, संचयी वितरण, म्हणजे त्या पगारापर्यंत किती वाटा लोक येतात ते, पुरतं.

अडचण पुढच्या पायरीला येते. कंपनीची उत्पादकता काढायची तर पगारात एक पद मिळवायचं असतं: वर 1 अधिक कप्पा गुणिले संचयी वितरण, खाली दोन कप्पा गुणिले डेन्सिटी. डेन्सिटी छेदात आहे, हे ध्यानात ठेवा.

आता मुंबईत कुणालाही पगार विचारा. "हातात पंधरा पडतात." चौदा हजार सहाशे चाळीस असं कोण सांगतं? सर्वेक्षणातही तेच उतरतं. हिस्टोग्राम काढला की 10, 12, 15, 20 हजारांवर मनोरे आणि मधे जवळपास रिकामी जागा. साडेतेरा हजारांपाशी डेन्सिटी शून्याकडे गेली की उत्पादकता आभाळाला टेकते आणि 15,000 आले की धाडकन खाली येते. सिद्धांत तर म्हणतो, जास्त उत्पादक कंपनी जास्त पगार देते, म्हणजे हा आलेख चढताच हवा. बँडविड्थ, म्हणजे कर्नल किती रुंद पट्टा गुळगुळीत करतो ती, वाढवली की तो शहाण्यासारखा वागू लागतो, पण मग उत्तर डेटाने दिलं की बँडविड्थने? गाइडने हे विचारलं तर माझ्याकडे तरी धड उत्तर नव्हतं. माझा कौल इथेच लॉगनॉर्मलकडे फिरला.

लॉगनॉर्मलमध्ये "पंधरा" म्हणजे 14,500 ते 15,500 असं धरून त्या पट्ट्याची संभाव्यता लाइकलिहुडमध्ये घालता येते. काम दोन-चार ओळींचं.

तीही वाट निर्मळ नाही म्हणा. रिझर्व्हेशन वेज (ज्याखाली माणूस नोकरी घेतच नाही तो पगार) म्हणून सगळ्यात कमी दिसलेला पगार घ्यायचा, आणि 20 तारखेला रुजू झालेल्या कुणीतरी अर्ध्यामुर्ध्या महिन्याचे पैसे सांगितलेले असतात. तो एक माणूस अख्खा अंदाज खाली ओढतो. मोजमापाची चूक मॉडेलमध्ये घ्यावीच लागते. रिझर्व्हेशन वेजच्या खालच्या ऑफर तर कधी दिसतच नाहीत, तो भाग निव्वळ गृहीतकावर उभा. लॉगनॉर्मलला ते निभावतं, पॅरेटो या दुसऱ्या ओळखीच्या वितरणाला तेही नाही. बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) वरच्या पगारांना लॉगनॉर्मलची शेपटी बहुधा तोकडीच पडते.

आणि 15,000 चा सगळाच मनोरा गोळाबेरजेचा नसावा. सप्टेंबर 2014 पासून पीएफची वेतनमर्यादा तेवढीच आहे, काही मालक पगार तिच्याकडे बघूनच बेततात. बर्डेट-मॉर्टेन्सनच्या समतोलात मात्र एकाच पगारावर अशी गर्दी बसतच नाही: कुणी रुपया जास्त दिला की तिथली माणसं ऑफर येताच त्याच्याकडे जाणार. खरा मनोरा दोन्ही पद्धती पुसूनच टाकतात, त्यात लॉगनॉर्मलचं कौतुक नको.

तुमच्याकडे मालकाच्या पेरोलचा रुपयापर्यंतचा डेटा असेल, तर खुशाल कर्नल लावा. पीएलएफएसवर काम असेल, तर मी आधी लॉगनॉर्मल चालवेन आणि कर्नलचा आलेख शेजारी ठेवेन, शेपटी कुठे फसते ते बघण्यापुरता.