टीव्हीचा टायमर प्लग : काम करतो, पण लाईट गेली की घोळ

आधीच सांगते, पाचपैकी साडेतीन स्टार. दीड का कापला ते पुढं येतंच, पण ज्यांच्या घरात रोज संध्याकाळी "बंद कर", "पाच मिनिट मम्मी", "बंद कर म्हणलं ना" हे चालतं त्यांनी वाचा, ज्यांची पोरं आपणहून रिमोट खाली ठेवतात त्यांचं नशीब थोर, त्यांनी पुढं जावा.

घेतलं काय तर साधा मेकॅनिकल टायमर प्लग, सोलापुरात नवी पेठेतल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून, सहाशेच्या आत बसला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये हा घालायचा आणि ह्याच्यात टीव्हीची पिन. पुढं २४ तासाची गोल चकती असते आणि तिच्या कडेनं बारीक बारीक दाते, एकूण ९६, म्हणजे एक दाता १५ मिनिटाचा. जेवढा वेळ टीव्ही चालू पाहिजे तेवढे दाते नखानं खाली दाबायचे, चकती फिरवून आत्ताची वेळ बाणासमोर आणायची, झालं. फक्त चकती घड्याळाच्या दिशेनंच फिरवा, उलटी फिरवली की आतलं काहीतरी मोडतंय. रात्री एकदम शांत असलं की बारीक घर्रर्र आवाज येतो, हॉलमध्ये झोपणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

दुकानदार वायफायवाला पण दाखवत होता, "ताई हा घ्या, ऑफिसमधून मोबाईलवर चालू बंद करता येतंय". म्हणूनच नको म्हणलं. दहा मिनिट वाढवता येतात हे एकदा थोरल्याला कळलं की दिवसभर मला फोन. सेट टॉप बॉक्सचा पॅरेंटल लॉक पण आधी लावून बघितलेला, पण आमच्या बॉक्समध्ये पिन चॅनेलला लागतो, वेळेला नाही. कार्टूनची चॅनेलं लॉक केली तर दोघं सासूबाईंच्या मांडीला मांडी लावून सिरीयल बघायला लागले, कोण कुणाला विष घालणार आहे हे चार वर्षाच्या पोरीला पाठ, त्यापेक्षा कार्टून बरं की ओ. ज्यांच्याकडं नवीन गुगल टीव्ही आहे त्यांनी हा प्लग घेऊच नका, त्यात पोरांचं वेगळं प्रोफाईल करून रोजची वेळ ठरवता येते, फक्त आपल्या प्रोफाईलला पिन लावायला विसरू नका. आमचा टीव्ही जुना, म्हणून हा उद्योग.

आणि सोलापुरात मे महिन्यात पोरांना बाहेर खेळा म्हणून सांगायची सोय नाही. ४३-४४ डिग्री, सकाळी दहाला दार लावलं की उघडायचं संध्याकाळी, मधल्या वेळात टीव्ही नाहीतर एकमेकांच्या झिंज्या. डॉक्टर म्हणतात जास्तीत जास्त एक तास, जागतिक आरोग्य संघटनेनं पण २०१९ मध्ये दोन ते चार वर्षाच्या पोरांना तासाच्या वर स्क्रीन नको, कमी असेल तेवढं बरं असंच सांगितलंय, आणि दोन वर्षाच्या आत तर नकोच. मला मान्य आहे, पण डॉक्टरांनी एक दुपार जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर काढून बघावी. म्हणून मी दुपारी चार दाते दिले आणि संध्याकाळी सहाला परत चार, त्यानंतर थेट साडेआठ.

फायदा सांगू का, नाही म्हणणारी मी नसते. टीव्ही फट्कन बंद होतो आणि पोरगं चिडतं ते त्या चकतीवर. पहिले काही दिवस रडारड झाली, पण मशीनपुढं किती रडणार, ते काय ऐकतंय. आता बंद झाला की थोरला एक शिवी पुटपुटतो (मी ऐकलंच नाही असं दाखवते) आणि खाली सायकल घेऊन जातो. त्याची तक्रार एकच आणि ती रास्त आहे, बंद व्हायच्या आधी हा काही सूचना देत नाही, दोनच मिनिटं राहिली असताना गोष्ट तुटते.

आता लाईटचं. चकती लाईटवर फिरते. लाईट गेली की ती थांबते, आली की तिथूनच पुढं. म्हणजे दुपारी तासभर लाईट गेली तर ह्याचं घड्याळ तासभर मागं, सातला बंद होणारा टीव्ही आठला बंद होणार. हे माझ्या आधी थोरल्याला कळलं. लाईट गेली की पूर्वी बोंबलणारं पोरगं गुपचूप बसून हसतंय, मला काय कळेना, एके दिवशी साडेसातला भाकरी टाकताना कार्टूनचा आवाज आला तेव्हा उलगडा झाला. टीव्हीचा पॉईंट इन्व्हर्टरवर असेल तर हा त्रास नाही. नसेल तर बॅटरी बॅकअपवाला डिजिटल टायमर बघा, त्याची वेळ चुकत नाही, पण बटणं इतकी बारीक आणि सेटिंग इतकं किचकट की मी दुकानातच हात जोडले.

दुसरं म्हणजे बाजूला एक बटण असतं, ते दाबलं की टायमर बायपास, टीव्ही कायम चालू. पोरांना हे कुणी दाखवलं? पोरांच्या पप्पांनी. आयपीएलची मॅच, सातचा टॉस झालेला, टीव्ही बंद, साहेबांनी उठून खट्कन बटण दाबलं आणि दोघं डोळे मोठे करून बघतायत. प्लगला काय माहीत समोर बाप बसलाय का पोरगं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास गावातले टीव्ही मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली, पेपरात बरंच आलेलं. भोंगा म्हणल्यावर सासूबाईंना मिलचा भोंगा आठवला, त्यावर घरातला स्वयंपाक चालायचा म्हणे. पण वडगावचा भोंगा मोठ्यांना पण होता ना, म्हणून तर पोरांनी ऐकलं. हे सासूबाईंना पटलं आणि त्यांनी साडेसातची सिरीयल सोडली, दुसऱ्या दिवशी दुपारी रिपीट बघतात. साहेब मॅच मोबाईलवर बघतात, बेडरूममध्ये, दार लावून. त्याला अजून प्लग निघाला नाही.

घेणारच असाल तर टीव्ही भिंतीला चिकटून आहे का ते बघा. हा चांगला जाड आहे, मागं बसला नाही तर एक्स्टेन्शन बोर्ड घ्यावा लागतो आणि मग तो पोरांच्या हाताला येतो, आमच्याकडं शेवटी शोकेसच्या वर चढवलाय.