दोन बॅरन, एक राजा : मार्शल आणि ब्रीयोझ

इंग्लंडच्या राजा जॉनच्या काळातले हे दोघे सरदार. विल्यम मार्शल धाकटा मुलगा, वाट्याला जमीन नाही. 1189 साली इसाबेल द क्लेअरशी लग्न झालं आणि वेल्समधलं चेपस्टो आणि आयर्लंडमधलं लेन्स्टर पदरात पडलं. चेपस्टोची त्या काळातली लोखंडी पत्र्यांनी मढवलेली लाकडी दारं अजून किल्ल्यात आहेत. मला तीच जास्त बोलकी वाटतात.

विल्यम द ब्रीयोझकडे ब्रॅम्बर, ब्रेकन या जहागिरी वडिलोपार्जित. 1201 मध्ये 5000 मार्क (त्या काळचं हिशेबाचं चलन) कबूल करून आयर्लंडमधलं लिमरिक घेतलं, पैसे थकले. राजाची मर्जी फिरली. जमिनी जप्त झाल्या, बायको माटिल्डा आणि थोरला मुलगा 1210 मध्ये कैदेत उपाशी मेले. ब्रीयोझ स्वतः 1211 मध्ये फ्रान्समध्ये परागंदा अवस्थेत वारला.

मार्शलवरही जॉनची खप्पामर्जी झाली, पण तो टिकला आणि 1216 नंतर बालराजा तिसऱ्या हेन्रीचा कारभारी झाला. मार्शलचे पाचही मुलगे मात्र निपुत्रिक गेले. जहागीर मुलींच्या वारसांत वाटली गेली.