गॅरंटी पार्टची, आवाजाची नाही

फ्लश दाबला की टाकी भरेपर्यंत भिंतीत कुणी कुत्र्याचं पिल्लू कोंडलंय असा आवाज यायचा. कुईंऽऽ. सोसायटीच्या टाक्या धुतल्या त्याच आठवड्यात हे सुरू झालं, पण तो संबंध तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. आला असता तर ४,८५० रुपये वाचले असते.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. पाच मजली इमारत, आमचा मजला दुसरा. महापालिकेचं पाणी, ते पुरलं नाही की बोअर, उन्हाळ्यात टँकर. रात्री सासूबाई उठल्या की अख्खं घर उठायचं. शेवटी त्या बिचाऱ्या फ्लश न करता अंधारात बादलीनं पाणी ओतायला लागल्या. मलाच लाज वाटली आणि लिफ्टमध्ये चिकटवलेल्या स्टिकरवरच्या नंबरला फोन लावला.

आलेला मुलगा तरुण, इस्त्रीचे कपडे, बोलायला गोड. टाकीचं झाकण उचललं, फ्लश केला, आवाज ऐकून मान हलवली. "काकू, लाइनला प्रेशर जास्त आहे. आज टाकी ओरडतेय, उद्या भिंतीतला पाइप फुटेल. खालच्यांचं पीओपी भिजलं तर खर्च तुमच्या गळ्यात." खालच्यांनी गेल्या वर्षीच पीओपी केलंय आणि त्यांचा स्वभाव आम्हाला माहीत आहे. मी तिथेच गारद झाले.

अर्ध्या तासात काम झालं. अँगल कॉक, म्हणजे टाकीचं पाणी बंद-चालू करायचा भिंतीतला छोटा नळ, आणि कनेक्शन पाइप यांच्या मध्ये एक पितळी नळकांडं बसलं, 'प्रेशर कमी करायचा व्हॉल्व्ह', २,९०० रुपये. टाकीत पाणी भरणारा नवा फिल व्हॉल्व्ह १,१५०, मजुरी ८००. जुना व्हॉल्व्ह "भंगारात टाकतो" म्हणून त्याच्या पिशवीत गेला. मग त्याने फ्लश दाबून दाखवला. खरंच, आवाज नाही! मी खुशीत यूपीआयने पैसे दिले, वर चहाही पाजला. बिल व्हॉट्सॲपवर येणार होतं. ते अजून यायचंय.

टाकी भरायला मात्र आता दहा मिनिटं लागायची, पूर्वी दोन-अडीचमध्ये भरायची. आम्ही म्हटलं, प्रेशर कमी झालंय ना, मग असंच होणार.

दोन महिन्यांनी दुसऱ्या बाथरूमची टाकी कुईंकुईं करायला लागली. या वेळी ह्यांनी अँगल कॉक बंद करून व्हॉल्व्ह स्वतःच काढला आणि आम्ही तो घेऊन थेट बोहरी आळीतलं हार्डवेअरचं दुकान गाठलं. तिथल्या काकांनी व्हॉल्व्हच्या खालच्या तोंडातून चिमट्याने जाळी ओढली आणि काउंटरवर आपटली. चिमूटभर रेती पडली, सोबत टेफ्लॉन टेपचा एक तुकडा. "टाक्या धुतल्या होत्या का तुमच्याकडे?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. आवाज येतो तो वाट अरुंद झाल्यामुळे. जाळीत कचरा बसला, क्षार जमले किंवा आतलं रबरी वायसर कडक झालं, की पाणी चिंचोळ्या फटीतून जोरात घुसतं आणि रबर शिट्टीसारखं थरथरतं. जाळी धुतली, वायसर बदललं. तीस रुपये. एवढंच.

ह्यांनी मोबाइलमध्ये त्या पितळी नळकांड्याचा फोटो दाखवला. काका हसले. "हा एनआरव्ही आहे हो. पाणी उलटं फिरू नये म्हणून लावतात. दोन-अडीचशेचा. प्रेशर कमी करणाऱ्याला दाब बसवायला स्क्रू असतो, इथे कुठे आहे? आणि तुमची टाकी गच्चीवर ना? दहा मीटर उंचीला एक किलो दाब. दुसऱ्या मजल्यावर तुमच्याकडे दीड किलोसुद्धा येत नसेल. त्यातून कमी काय करणार तो?"

मग त्या दिवशी आवाज बंद कसा झाला? घरी येऊन बघितलं तर पहिल्या बाथरूमचा अँगल कॉक जेमतेम पाव फेरा उघडा. पाण्याची धारच बारीक करून ठेवली होती, व्हॉल्व्हपर्यंत जोर पोचतच नव्हता. पूर्ण उघडला आणि ११५० रुपयांचा नवा व्हॉल्व्ह जुन्यापेक्षा मोठ्याने ओरडला. त्यात जाळीच नव्हती, म्हणजे रेती थेट आत.

त्या प्लंबर मुलाला फोन केला. "काकू, गॅरंटी पार्टची असते, आवाजाची नाही." दुसऱ्यांदा फोन उचलला नाही.

आता टाक्या धुतल्या की, किंवा गुरुवारी पाणीपुरवठा बंद राहून शुक्रवारी गढूळ पाणी आलं की, आम्ही आधी बाथरूममधला खालचा नळ उघडून एक-दोन बादल्या पाणी जाऊ देतो, ते फरशीला वापरतो. तीन-चार महिन्यांतून एकदा अँगल कॉक पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा, नाहीतर तो जाम होतो आणि ऐन वेळी फिरत नाही. तो बंद असतानाच जाळी काढून ब्रशने घासायची. व्हॉल्व्हचं वरचं झाकण काढून त्यावर प्लास्टिकचा मग्गा उपडा धरायचा आणि पाणी दोन-चार सेकंद सोडायचं, आतली रेती निघून जाते. मग्गा धरायला विसरू नका, आम्ही छत धुतलंय. पांढरे क्षार असतील तर जाळी अर्धा तास व्हिनेगरमध्ये.

आणि कुणी फ्लश न करताही टाकी मधूनच भरल्याचा आवाज येत असेल, तर दोष भरणाऱ्या व्हॉल्व्हचा असेलच असं नाही. टाकीत जिलबीचा रंग टाकून वीस मिनिटं थांबा. कमोडच्या भांड्यात केशरी पाणी उतरलं तर खालचं फ्लशचं वायसर गळतंय.

प्लंबर बोलवायचाच असेल तर तो येण्याआधीच अँगल कॉक किती उघडा आहे ते बघून ठेवा आणि काम झाल्यावर तितकाच उघडून फ्लश करायला लावा. काढलेला पार्ट हातात मागा. आमचा जुना व्हॉल्व्ह चांगल्या कंपनीचा होता, पाच वर्षं वापरलेला, बहुधा फक्त जाळी तुंबलेला. तो भंगारात गेला असेल असं मला वाटत नाही. धुऊन-पुसून तो कुणाच्या तरी टाकीत बसला असेल, ११५० ला.